दोन सत्त्या

दादाच्या बायोप्सीचा रिपोर्ट दुपारी फोनवर कळणार होता. मी खोलीत येरझारा घालत होते. दादा मोबाइल हातात धरून बसला होता. वहिनीनं मात्र पलंगावर एकावर एक चढवून पत्ते मांडले होते आणि त्यातल्या सारख्या पत्त्यांच्या जोड्या ती एकटीच उचलत होती. या वेळी हिला खेळ सुचतो तरी कसा?

“वहिनी, त्या दोन सत्त्या उघड्या आहेत की. उचल ना!”

“थांब गं. त्यांच्याखाली काहीच नाही. जिच्याखाली पत्ते अडकलेत, ती जोडी आधी. नाहीतर डाव अडतो.”

मला थांबणं कधी जमलंच नाही. दिसलं की उचलायचं, मनात आलं की बोलायचं. अडकलेलं आधी मोकळं करायला केवढा धीर लागत असेल! मी खिडकीशी गेले, परत आले. तिची नजर पत्त्यांवरच.

फोन वाजला. दादा नुसता “हो, हो” म्हणत राहिला. मग म्हणाला, “साधी गाठ आहे. काळजीचं काही नाही.”

वहिनीनं मान हलवली आणि पत्ते गोळा करायला घेतले. पण तिचे हात इतके थरथरत होते, की तिला एकही पत्ता उचलता येईना.