फूटपट्टीबाईंनी न उच्चारलेले दोन शब्द

समितीत त्यांना सगळे फूटपट्टीबाई म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

आवाज मोजण्यात त्यांची हयात गेली होती. कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज, शाळेशेजारच्या रस्त्याचा, रुग्णालयाच्या वॉर्डाचा. घरातल्या फ्रिजची कुरकुर सगळ्यांच्या आधी त्यांना ऐकू यायची. नवरा म्हणायचा, हिच्या राज्यात घोरायचीही चोरी.

निवृत्तीनंतर सरकारने त्यांना सल्लागार समितीवर घेतलं. कुणी नवं उपकरण तयार केलं, की ते सरकारी रुग्णालयांत आणावं का, याचा सल्ला ही समिती देत असे. सही मंत्र्यांची. पण समितीने नाही म्हटलं, की प्रस्ताव मंत्र्यांच्या टेबलापर्यंत जातच नसे. समितीत डॉक्टर होते, अभियंते होते. आवाजातलं कळणाऱ्या मात्र एकट्या बाई.

समितीचा एक नियम होता. नात्यातल्या माणसाचा विषय निघाला की सभासदाने तसं सांगायचं आणि निर्णयाच्या वेळी खोलीबाहेर जायचं. जाण्याआधी अध्यक्षांनी विचारलं, तर तांत्रिक माहिती द्यायला हरकत नव्हती.

त्या दिवशी विषय निघाला तो बाईंच्या भाचीचा. भाची नावाला. आई गेल्यापासून ती बाईंच्याच घरी वाढली होती. तिने तान्ह्या बाळाची श्रवणशक्ती तपासणारी एक डबी बनवली होती. बाळाच्या कानात बारीक आवाज सोडायचा. चांगला कान उलट स्वतःच अगदी क्षीण आवाज करून त्याला प्रतिसाद देतो. तो प्रतिसाद डबी टिपते. बाळ झोपेतच तपासून होतं, आणि ऐकू येत नसेल तर ते पहिल्याच आठवड्यात कळतं.

बाई उठल्या. अध्यक्ष म्हणाले, "बाई, बसा हो जरा. हे आवाजाचं आमच्या डोक्यावरून जातं. जाण्याआधी दोन शब्द सांगा."

"माझी भाची आहे," बाई म्हणाल्या. "दोन शब्दही नकोत."

सगळे कौतुकाने बघत राहिले. बाहेर व्हरांड्यात बाईंनी चहा घेतला. चहा बेचव होता, तरी त्यांना झकास लागला.

प्रस्ताव नामंजूर झाला.

खाली जाताना लिफ्टमध्ये समितीतले बालरोगतज्ज्ञ भेटले. मनाने सरळ माणूस. शंका त्यांनीच काढली होती. प्रसूतीच्या वॉर्डात पंखे असतात, ढकलगाड्या असतात, शेजारचं बाळ टाहो फोडत असतं. त्या गोंगाटात हा क्षीण प्रतिसाद ऐकू कसा यायचा? कुणालाच उत्तर देता आलं नाही. "तुम्ही आत असता तर तुम्हालाच विचारलं असतं," ते म्हणाले.

बाईंना उत्तर माहीत होतं. डबी गोंगाटातलं मोजमाप टाकून देते आणि दोन किंचाळ्यांमधल्या शांततेची वाट बघते. प्रस्तावात ते होतं, पण तज्ज्ञांच्या भाषेत, एका ओळीत. ती ओळ वाचू शकणारं माणूस व्हरांड्यात चहा पीत होतं.

घरी त्यांनी नवऱ्याला फक्त निकाल सांगितला. तो म्हणाला, नियम म्हणजे नियम, तू काय करणार. बाईंनी मान डोलावली. जेवण काही गेलं नाही.

भाचीच्या प्रयोगशाळेचा निधी थांबला. बरोबरचे दोघे दुसरीकडे लागले. भाचीने तक्रार केली नाही, येणं मात्र कमी केलं. शेवटी बाईच तिच्याकडे गेल्या. ती खोकी बांधत होती. बाईंनी सगळं सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं होतं, हेही.

भाचीचा हात थांबला.

"म्हणजे बोलायला परवानगी होती?"

"होती."

"मग?"

"कुणी बोट दाखवायला नको, म्हणून."

"कुणाकडे, मावशी? माझ्याकडे की तुझ्याकडे?"

बाईंनी पुढ्यातलं खोकं उगाच सरळ केलं.

"ज्यांना ऐकू येत नाही हे तिसऱ्या वर्षी कळेल, त्या मुलांच्या आयांना मी काय सांगू?" भाची म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझी मावशी फार सरळ आहे, असं सांगू?"

परतताना बाईंना बसमध्ये एकही आवाज नीट ऐकू आला नाही. नियमाने कुठे तोंड बांधलं होतं? ते त्यांनी स्वतःच बांधलं, आणि वर स्वतःच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या अध्यक्षांना भेटल्या. विषय पुन्हा घ्या म्हणाल्या. अध्यक्ष अवघडले. सभासदानेच नातलगाचा विषय परत आणायचा, हे कसं दिसेल? बाहेरच्या कुणी जाणकाराने नवा मुद्दा मांडला, तर गोष्ट वेगळी.

"मग मी बाहेरची होते," बाई म्हणाल्या आणि राजीनामा दिला.

बालरोगतज्ज्ञांनी फोनवर सावध केलं. भाचीसाठी खुर्ची सोडली असं लोक म्हणतील.

"म्हणू देत. तिच्यासाठीच सोडली."

पुढच्या बैठकीत बाईंनी नातं आधी सांगितलं. मग डबी टेबलावर ठेवली, मुद्दाम पंखा लावायला सांगितला, खुर्च्या सरकवायला सांगितल्या आणि ती शांततेची वाट कशी बघते ते दाखवलं. बालरोगतज्ज्ञांनी खोदून खोदून विचारलं. बाईंनी जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं. दुपारी कळलं, दोन रुग्णालयांत चाचणी घ्यावी असा सल्ला सरकारला जाणार आहे.

भाचीचा फोन आला. तिने खोकी सोडायला घेतली होती. "मावशी, जमलं," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही. पण फोनही ठेवला नाही.

नवरा खूश झाला. आता तरी पोटभर जेव म्हणाला. बाई ताटावर बसल्या. पहिल्या बैठकीपासून आजपर्यंत किती वॉर्डांत किती बाळं झोपली असतील, आणि त्यांच्या कानांना कुणी काहीच विचारलं नसेल, हे त्यांनी त्याला सांगितलं नाही. तो वाढत होता. त्या नको म्हणाल्या नाहीत.