पौर्णिमाच्या पत्रिकेवरच्या ओळी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कितीदा जेवताना तोंडापर्यंत आलं, आणि भाजीत मीठ कमी आहे असं काहीतरी बोलून मी ते गिळून टाकलं. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

लकडगंजात माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. आता लोक मोबाइलवरच पत्रिका पाठवतात, पण एके काळी श्वास घ्यायला फुरसत नसायची. तेव्हा कॉम्प्युटरवर प्रल्हाद बसायचा. राहायला कोराडीच्या कॉलनीत, वडील तिथल्याच वीज केंद्रात. बसने यायचा, शर्टावरची राख झटकायचा आणि कामाला लागायचा. मराठी टाइप करायला आमच्याकडे एका लहानशा कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. त्यात लिहिलेलं दुसऱ्या कशातच उघडायचं नाही. उघडलंच तर नुसते चौकोन आणि भलतीसलती चिन्हं. पुढे ती कंपनी बंद पडली. आम्ही मात्र तेच वापरत राहिलो.

प्रल्हाद कविता करायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की थेट कॉम्प्युटरवरच लिहायचा, कागदाला हात लावायचा नाही. म्हणायचा, कागदावर लिहिलं की खोडावंसं वाटते. कधी एखादी ओळ पत्रिकेसाठी द्यायचा, आणि मुलीचे वडील ती वाचून काउंटरवरच डोळे पुसायचे. एकदा त्यानं मला स्क्रीनवर दोन ओळी दाखवल्या होत्या. त्याची मुलगी पौर्णिमा तेव्हा बालवाडीत होती.

"हे पौर्णिमाच्या पत्रिकेवर छापजो," म्हणाला. "तोवर कोणालेच दाखवू नको. तिच्या मायलेही नाही."

मी हो म्हटलं.

मग त्याला कोराडीलाच नोकरी लागली. जाताना त्यानं सगळ्या कवितांची सीडी करून नेली. दुकानातल्या मशीनवरून काढून टाक, असं मला सांगून गेला. मी काढल्या नाहीत. सुरुवातीला — खरंच सांगतो — आठवण म्हणूनच ठेवल्या होत्या. पण गिऱ्हाईक विचारायचं, ते आधीसारखं काही लिहून द्या ना. मी त्याच्या फाइलीतून एखादी ओळ काढून द्यायचो. कोणीतरी विचारलं, तुम्हीच लिहिता का? मी हसलो. 'नाही' हा एवढा एकच शब्द लागत होता, आणि तो मला जमला नाही.

पुढे मी त्या ओळींची पुस्तिका काढली. माझ्या नावानं. वस्तीतल्या मंडळानं शाल दिली, फोटो काढला. एकदा प्रल्हाद सहज दुकानात आला तेव्हा काउंटरवर ती पडलेली होती. त्यानं उचलली, उभ्याउभ्या चाळली. मी पाणी आणायला आत गेलो — पळालोच म्हणा. बाहेर आलो तर तो पुस्तिका जागेवर ठेवत होता.

"कागद चांगला लावला गा," एवढंच म्हणाला.

त्यानंतर तो दुकानात आला नाही. आणि काही वर्षांनी गेलाच. छातीचं दुखणं होतं.

इथपर्यंतचं कदाचित मी कोणाला सांगूही शकलो असतो. सांगता येत नाही ते याच्या पुढचं आहे.

पौर्णिमाचं लग्न ठरलं तेव्हा तिची आई, करुणावहिनी, तिला घेऊन दुकानात आल्या. वहिनींच्या हातात रुमालात गुंडाळलेली ती सीडी. म्हणाल्या, हिच्यासाठी बापानं काहीतरी लिहून ठेवलंय, लग्नातच वाचायचं असं सांगून गेलाय. पण जरीपटक्यातल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे नेलं तर नुसते चौकोन दिसले. ते जुनं सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहे, असं हे म्हणायचे. त्याची कॉपी करून द्याल का, भाऊ?

ते होतं माझ्याकडे. जुनी मशीन माळ्यावर होती आणि चालू होती. पण ती सीडी उघडली की मायलेकींना काय दिसणार होतं, ते मला माहीत होतं. शाल घेऊन फोटो काढलेल्या माणसाची सगळी पुस्तिका.

मग मी त्यांना कायदा सांगितला. कंपनी बंद पडली म्हणून काय झालं, हक्क कोणाचा तरी असतोच. बाजारात मिळत नाही म्हणून फुकट कॉपी करायची, ही चोरीच झाली, वहिनी. प्रकरण पोलिसांत जाऊ शकतं. इथे बसून उघडून दाखवणंही त्यातच येतं, असंही ठोकून दिलं. हे मी बोलत होतो — ज्याच्या दुकानात विकत घेतलेलं एकही सॉफ्टवेअर नव्हतं. ज्या कंपनीचं आता दारही उरलं नव्हतं, तिचं काय जाणार होतं? कोणाचं काय जाणार होतं, माझ्याशिवाय?

वहिनींनी हात जोडले. "चुकलं भाऊ. आमाले का माहीत असते ह्यातलं."

त्यांनी माझी माफी मागितली. ऐकताय ना? त्यांनी माझी.

पौर्णिमानं सीडी पुन्हा रुमालात गुंडाळली. डोळे भरलेले. जाता जाता वहिनी म्हणाल्या, मग तुम्हीच दोन शब्द लिहून द्या, तुम्ही त्यांचे दोस्त. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढलो, मशीन लावली आणि त्या दोन ओळी उतरवून घेतल्या —

दार उघडंच ठेवतो पोरी,
घराला अजून निरोप देता येत नाही.

का दिल्या त्याच? तिचं तिला मिळावं म्हणून? तसं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण मग देताना खरं का नाही बोललो? तिनं त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि वाकून माझ्या पाया पडली. "बाबानं असंच लिहिलं असतं, काका," म्हणाली.

लग्न झालं. मला भीती वाटू लागली की वहिनी कधीतरी पुन्हा विचारतील, आणि एका सकाळी मी ती मशीन भंगारवाल्याला देऊन टाकली. सॉफ्टवेअरसकट, कवितांसकट. आता इंटरनेटवर काही लोक असली बंद पडलेली सॉफ्टवेअरं शोधून जपून ठेवतात. ते बरोबर की चूक यावर भांडतातही. मी तिथे पुष्कळ शोधलं. आमचं नाही. जगात एखादी दुसरी प्रत असेलही, मला सापडली नाही. वहिनींच्या सीडीतलं आता कोणीच वाचू शकत नाही. प्रल्हादनं आयुष्यभर जे लिहिलं, त्यातलं मी चोरलं तेवढंच उरलं.

पौर्णिमानं पत्रिकेवरच्या त्या ओळी फ्रेम करून माहेरच्या भिंतीवर लावल्या आहेत, प्रल्हादच्या फोटोला लागून. खाली माझं नाव घातलं आहे, तेही सुंदर अक्षरात. कोराडीला गेलो की वहिनी मला त्या भिंतीसमोरच खुर्ची देतात.

मी बसतो. चहा घेतो.