दारावरचं नाव

"दारावर माझं नाव लागेल ना, त्या दिवशी अख्ख्या कंपनीला चीजकेक चारीन," असं व्हर्ना लिंडक्विस्ट वर्षानुवर्षं म्हणत आली होती. संगीत नाटकाच्या समूहात नाचणारीला दार नसतं. आरशापुढची वीतभर जागा असते.

या नाटकात तिला घरमालकिणीचं काम मिळालं. वाक्यं मोजकीच, पण पात्राला नाव होतं. ब्रॉडवेवरच्या त्या थिएटरात तिच्या दारावर पाटी लागली, आणि पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी ती खरोखरच चीजकेक घेऊन आली.

"तू नको हादडूस," तिचे कपडे सांभाळणारी ओडेसा म्हणाली. "आज झगा चढवायचाय अंगावर."

ब्रॉडवेची रीत अशी, की नव्या नाटकाचा पहिला पडदा उघडण्याआधी समूहातल्या सर्वांत जास्त नाटकं केलेल्या कलाकाराला नाटकानाटकांतून फिरणारा तो झगा देतात. तो घालून रंगमंचाला तीन फेऱ्या मारायच्या. बाकीच्यांनी शुभ म्हणून हात लावायचा. मग झग्यावर त्या नाटकाचं एक ठिगळ चढतं. आजवर व्हर्नानं नुसता हातच लावला होता. ओडेसानं निळ्या ठिगळावर तिचं नाव आधीच भरून ठेवलं होतं.

सगळे गोल करून उभे राहिले. बाह्या चढवायला सोपं जावं म्हणून व्हर्नानं हात किंचित मागे नेले.

"मॅक्सिन डेलगाडो!" झगा घेऊन आलेल्या म्हाताऱ्यानं पुकारलं.

"मी? वेडे झालात का!" समूहात नाचणारी मॅक्सिन ओरडली. "व्हर्ना, अगं हा तुझा आहे!"

"ती आता समूहात कुठाय, पोरी?" म्हातारा म्हणाला. "तिला नावाचं काम आहे. झगा समूहाचा."

"मालकीणबाई, भाडं वाढवू नका हं आता!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. टाळ्या सर्वांत मोठ्यानं व्हर्नानंच वाजवल्या. झगा तिच्याजवळून गेला तेव्हा तिनं हात लावला, आणि बोटं जरा उशिरानं सुटली.

खोलीत आल्यावर ओडेसा म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं गं. पण या कामाच्या करारावर सही करताना नुसतं दारच दिसत होतं."

भिंतीपलीकडे समूहाच्या खोलीत नुसता कल्ला चालला होता. इथं आरसा अख्खा तिचा होता.

व्हर्नानं ओडेसाच्या हातातलं ठिगळ घेतलं. छोट्या कात्रीनं आपल्या नावाचा एकेक टाका उसवला, दोरे फुंकून टाकले आणि कोरं निळं कापड परत तिच्या तळहातावर ठेवलं. मग घरमालकिणीचा एप्रन बांधला, आणि बाहेर पडली.