भांग पाडलेला गळ

समजा, टेबलाच्या कडेला लोखंडी पकडीचा एक छोटा व्हाइस घट्ट बसवला आहे आणि त्याच्या जबड्यात एक गळ धरला आहे. गळाच्या वरच्या टोकाला वाटाण्याएवढं शिशाचं डोकं आहे. तुम्ही शेळीच्या शेपटीचे पंधरा-वीस केस चिमटीत धरायचे, त्या डोक्यामागे ठेवायचे आणि वर दोऱ्याचे सात-आठ वेढे द्यायचे. वेढे सैल पडले तर केस पाण्यात सुटून जातात. फार आवळले तर भेदरलेल्या मांजराच्या शेपटीसारखे चहूकडे उभे राहतात. नीट जमलं तर तो झुबका पाण्यात एखाद्या बारक्या माशासारखा वळवळतो आणि मोठा मासा त्याला खायला येतो. या सगळ्या प्रकाराला जिग म्हणतात. धड हात असलेल्या कोणालाही हे दोन-तीन दुपारींत येतं.

माझ्या मामाला दोन महिने उलटले तरी येत नव्हतं, कारण तो केसांच्या धंद्यात आहे.

मामाचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. केसांतलं कळणारी जगात दोनच माणसं झाली असं तो मानतो, त्यातला एक त्याचा उस्ताद होता आणि तो वारला. बाकी सगळ्यांची त्याला कीव येते. टीव्हीवर बातम्या लागल्या की बातम्या सोडून हा निवेदकाच्या कल्ल्यांकडे बघतो आणि म्हणतो, "कशाने कापलेत याचे? विळीने?" मी इंजिनिअर झाले तेव्हा पदवीदानाचा फोटो दाखवायला गेले होते. त्याने तो लांब धरून पाहिला आणि विचारलं, "ही शेजारची मुलगी भांग कुठं टाकून आलीय?"

सोमवारी सलून बंद असतं. त्या दिवशी तो तलावावर जातो, सिस्टरांच्या बोटीतून. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. बोट त्यांची आणि बोटीत जागा तीनच. एक त्यांची, एक बसच्या ड्रायव्हरची, आणि एक मामाची. ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी तोंड उघडत नाही, म्हणून तो सगळ्यांना चालतो. मामा का चालत होता, देव जाणे.

तर या सिस्टरांनी नियम काढला. दुकानातली जिग बोटीत चालणार नाही. ज्याने त्याने घरी बांधायची. शिकायला दोन महिने. त्यानंतर सलग तीन सोमवार ज्याच्या जिगला मासा लागणार नाही, त्याची जागा घड्याळजीला. घड्याळजी वर्षभर काठावर घडीचं स्टूल टाकून वाट बघत होता.

मामा हसला. "केस बांधायला मला शिकवणार? जन्मभर इंजेक्शनं देणारी बाई?"

मामी हसली नाही. तिने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "तीस वर्षं हा माणूस खुर्चीमागे उभा आहे. बसतात ते दुसरे. आठवड्यात सलग चार तास बसतो तो त्या बोटीत. ती जागा गेली तर सोमवारी हा घरात बसेल. आणि घरात बसला की माझ्या डोक्याकडे बघत बसेल."

मामाने पहिली जिग बांधली ती सलूनच्या फरशीवरून उचललेल्या माणसांच्या केसांची. शेळीच्या शेपटीला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. "एका कॉलेजच्या पोरीचे आहेत. असा रेशमी माल दुकानात मिळेल?" मामीने बादली पुढे केली. मामाने तिच्याकडे तुच्छतेने पाहिलं. "मी गिऱ्हाईकाला बादलीत बुडवून बघतो का?" मग मामीनेच ती बुडवली. रेशमी माल गळाला असा चिकटून बसला की मोरीच्या जाळीत अडकलेला गुंताच.

मामा शेळीवर आला, पण काही घडलंच नसल्यासारखा. मग त्याने कलेला सुरुवात केली. तो केस आधी शाम्पूने धुवायचा. बारीक कंगव्याने विंचरायचा. बांधून झाले की पाण्याचा फवारा मारायचा, मान तिरकी करून बघायचा आणि कातर घेऊन टोकं कापायचा. सगळी एका रेषेत, कर्र. शिशाच्या डोक्यामागचे दोऱ्याचे वेढे दिसू नयेत म्हणून मामीचं लाल नेलपॉलिश. एका जिगला तर त्याने चक्क मधोमध भांग पाडला. दोन महिन्यांत अशा चाळीस झाल्या. त्या त्याने आरशासमोर रांगेत टांगल्या आणि गिऱ्हाइकांना जबरदस्तीने दाखवल्या. मानेवर वस्तरा असलेला माणूस वाहवा करणार नाही तर काय करणार?

पहिल्या सोमवारी सिस्टरांना दोन मासे, ड्रायव्हरला एक, मामाला शून्य. दुसऱ्या सोमवारीही तेच. सिस्टरांची जिग त्याने पाहिली होती. बारा-पंधरा केस, एक लांब, एक आखूड, टोकं कशीही. घरी येऊन तो मामीला म्हणाला, "गवताची काडी परवडली. लाज नाही वाटत बाईला असलं पाण्यात टाकायला!"

"तिला मासे लागले ना पण?"

"माशांना काय कळतं?"

सिस्टरांनी त्याची जिग बोटीत उलटसुलट करून पाहिली होती आणि एवढंच म्हटलं होतं, "दाढीचा ब्रश छान झालाय. पुढच्या वेळी कातर लावू नका."

हे वाक्य त्याला इतकं लागलं की आठवडाभर तो ते दिसेल त्याला ऐकवत सुटला. मलाही ऐकवलं. मी त्याला सरळ सांगितलं की केस मुळाशी जाड आणि टोकाशी बारीक असतो. जाडी निम्मी झाली की तो सोळापट सहज वाकतो. पाण्यात हलतं ते टोकच. तू नेमकं तेच कापून टाकतोस आणि खुंट ठेवतोस.

"सोळापट? कोणी मोजलं?"

"मोजायला लागत नाही, मामा. सूत्र आहे."

"तुझ्या सूत्राने कधी कोणाचे केस कापलेत का?"

माणूस ज्या कामात निष्णात असतो, त्याच कामात त्याला काही शिकवणं म्हणजे भिंतीशी बोलणं. भिंत निदान उलट विचारत नाही.

तिसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी, दुपारी सलून दोन तास बंद असताना, मामीने निर्णय घेतला. तिने घरातल्या आणि सलूनमधल्या मिळून सहा कातरी गोळा केल्या, मांडीवर ठेवल्या आणि व्हाइससमोर स्टूल टाकून बसली.

"मुळं मी कापून देईन. टोकांना हात लावायचा नाही."

"अगं, वेडी झालीस काय? वरखाली दिसतंय ते!"

"दिसू दे."

"निदान तो एक लांब केस. फक्त एक. लोक काय म्हणतील?"

"अहो, तलावात लोक नसतात."

मामाने बांधली. त्याची बोटं सवयीने टोकांकडे जायची, हवेतच कात्री चालवायची आणि परत यायची. मी समोर होते. इतकं केविलवाणं दृश्य मी क्वचितच पाहिलं असेल. मामीने झुबक्यातले अर्धे केस आधीच काढून घेतले होते, त्यामुळे जिग टक्कल पडायला आल्यासारखी दिसत होती. ती त्याने आरशासमोर टांगली नाही. वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून खिशात घातली, तीही अशी की कोणाला दिसू नये.

सोमवारी घड्याळजी काठावर चक्क डबा घेऊन आला होता, बोटीत खायला. साडेदहापर्यंत मामाने कंगवा केलेल्या जिगच फेकल्या, एकामागून एक. कागदाची पुडी खिशातून काढायला तो तयार नव्हता. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "अर्ध्या तासात वल्ही उचलणार मी. खिशात काय लपवलंय ते टाका." त्याने बोटीच्या पलीकडच्या बाजूला वळून, पाठीआड ती दोरीला बांधली आणि पाण्यात सोडली.

तिसऱ्या फेकीला दोरी ताणली. मासा वीतभर होता, फार तर दीड वीत. पण तो बोटीत आला आणि जागा राहिली. ड्रायव्हरने पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हणाला, "लागला." काठावर घड्याळजीने डबा उघडून एकट्याने खायला घेतला.

मामा खूश व्हायला हवा होता. तो चिडला होता. त्याने मासा हातात धरून त्याच्या तोंडाकडे इतक्या तिरस्काराने पाहिलं की पैसे न देता निघालेल्या गिऱ्हाइकाकडेही त्याने कधी तसं पाहिलं नसेल. चाळीस एकसारख्या, विंचरलेल्या, पॉलिश केलेल्या जिग या प्राण्याने नाकारल्या होत्या, आणि हे असलं विस्कटलेलं तोंडात घेतलं होतं.

आता तो कातर न लावता बांधतो, पण शरमेने, सलूनच्या मागच्या खोलीत, दार लोटून. दर सोमवारी मासा लागतो आणि दर सोमवारी तो सिस्टरांना एकच प्रश्न विचारतो. त्या वल्ही हातात घेतात. मला विचारलं तेव्हा मी पुन्हा सूत्र सांगायला लागले, तर त्याने हातानेच थांबवलं.

"हलण्याचं ठेव बाजूला. मला एवढंच सांग, कापलेलं टोक त्या माशाला डोळ्यांनी दिसतं, की अंगाला कळतं? नुसतं अंगाला कळत असेल, तर माझी कातर त्याने नापसंत केलेली नाही."