गालावरचा डाग आणि छापखान्याची फिल्म

पांढुर्ण्याच्या त्या स्टुडिओवाल्याचा मला आजही संताप येतो. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी मला शहाणपण शिकवायला येईल. पण त्याने शिसपेन्सिलीने तीन वेळा माझा गाल पुसला. माझ्या उजव्या गालावर कानापासून ओठापर्यंत जन्माचाच लाल डाग आहे. निगेटिव्हवर तो पेन्सिलीचं बारीक टोक फिरवायचा आणि फोटोत गाल असा स्वच्छ यायचा, की मलाच वाटायचं, ही कोण बाई? तो फोटो बाबा पाकिटात घालून स्थळांकडे पाठवायचे. मंडळी यायची, चहा-चिवडा व्हायचा, आणि माझं तोंड पाहिलं की सगळे उठायची घाई करायचे.

तिसऱ्यांदा मोहगावची मंडळी आली. मुलाच्या मावशीने तर माझ्या गालाला चक्क बोट घासून पाहिलं. "फोटोत तं नव्हतं हे," ती म्हणाली. "फसवून राहिले का आमाले?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सौंसरच्या शाळेत मी चार वर्षं गणित शिकवत होते, वर्गात माझ्यासमोर कोणाची ब्र काढायची हिंमत नव्हती, आणि इथे मान खाली घालून बसले होते. फसवलं कुठे होतं? तोंड घेऊनच तर समोर बसले होते! बाबा आपले हात जोडत राहिले, आणि मंडळी गेल्यावर आईने त्या मावशीला मनसोक्त नावं ठेवली. त्याच दिवशी मी ठरवलं, की यापुढे या घरातून माझा फोटो जाईल तो डागासकट. नाहीतर जायचाच नाही.

फोटोचं खूळ मला आधीपासूनच होतं. नागपूरचा मामा छापखान्यात कामाला होता. तिथे अक्षरांचे फोटो घ्यायला लिथ फिल्म वापरतात, तिचे कापून उरलेले तुकडे तो काळ्या कागदात गुंडाळून मला आणून द्यायचा. या फिल्मला लाल रंग दिसतच नाही, म्हणून लाल दिव्यात ती बिनधास्त उघडता येते, डोळ्यांसमोर धुता येते. बाबांच्या जुन्या डबा-कॅमेऱ्यात मी एकेक तुकडा चिकटवायचे. पण हट्टी किती! मामाने दिलेल्या छापखान्याच्या औषधात धुतली की एकतर कोळसा नाहीतर चुना, मधलं काही नाही. अक्षरांना ते ठीक आहे हो, माणसाचं काय करायचं? मग मी फोटोचा कागद धुवायचं साधं औषध घेतलं आणि त्यात पाणी वाढवत गेले. एकास पाच, एकास दहा, एकास पंधरा. थंडीत औषध गारठून काम करेना, तर बंबातलं कोमट पाणी परातीत ओतून त्यात ट्रे ठेवला. "कायले न्हाणी अडवून राहिली वं? मी धुणं कवा धुवू?" आई बाहेरून ओरडायची. कितीतरी तुकडे वाया गेले. एकदाचा साडीचा करडा रंग नीट उतरला, तेव्हा मी न्हाणीत एकटीच "जमलं!" म्हणून किंचाळले.

त्या फोटोत आई संत्र्यांची टोपली घेऊन बसली होती. संत्री जांभळासारखी काळी आली आणि आईचं कुंकू काळं कुट्ट. आई फोटो पाहून भडकली. "मले बुक्का लावून ठेवला का?" मी हसत होते, आणि हसता हसता माझा हात गालाकडे गेला. या फिल्मच्या फोटोत लाल ते सगळं काळं येत होतं.

तेवढ्यात छिंदवाड्याचं स्थळ आलं. बाबा पांढुर्ण्याला जाऊन त्याच फोटोच्या प्रती आणायला निघाले होते. मी दारात आडवी उभी राहिले. "रविवारपर्यंत थांबा. फोटो मी देते." बाबांनी आईकडे पाहिलं, आईने कपाळाला हात लावला. मी अंगणात कॅमेरा संत्र्याच्या पेटीवर ठेवला, खटक्याला दोरी बांधली, उन्हात उजवा गाल पुढे करून बसले आणि दोरी ओढली. निगेटिव्ह पहिल्याच झटक्यात चांगली आली.

रविवारी दुपारी खिडकीला घोंगडी लावून मी न्हाणीत कागदावर फोटो उतरवत होते. लाल दिवा म्हणून देवघरातला झीरोचा बल्ब काढून आणला होता. तो मागायला आई आली आणि दार बडवू लागली. मी कागद पाकिटात बंद केले, कडी काढली, तिला आत ओढलं आणि पुन्हा कडी लावली. "आता आलीच आहेस तर पाहा," मी म्हटलं.

नवा कागद काढला, त्यावर निगेटिव्ह ठेवून उजेड दिला आणि कागद औषधात सोडला. आधी केस आले. मग डोळे, आणि त्यांच्या बरोबरीने डाग. शाई सांडावी तसा. "अवं, हे काय!" आई म्हणाली. "ओलं आहे तवर पुसून टाक ना." मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. "तुह्या तोंडावर तं नाहीच आहे!"

"लाल दिव्यात लाल दिसत नाही, आई."

तिचं लक्षच नव्हतं. तिने माझ्या उजव्या गालावर तळहात ठेवला. त्या गालाला ती कधी हात लावत नसे. "किती साजरी दिसून राहिली वं माय," ती म्हणाली.

सव्वीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आणि कोणाला म्हणाली ती? त्या स्टुडिओवाल्याच्या फोटोतल्या बाईला! माझं डोकंच फिरलं. मी हात लांब करून पांढरा दिवा लावला. ट्रेमधला कागद काळा पडू लागला. आईने माझा गाल पाहिला आणि तापल्या तव्याला लागल्यासारखा हात मागे घेतला.

"तुलाच नको आहे हे तोंड," मी ओरडले. "मग त्या मोहगाववालीला कशाला नावं ठेवतेस?"

"तुह्याच भल्यासाठी करून राहिलो ना आमी," आई रडत म्हणाली. मी तिला रडू नको म्हटलं नाही, जवळही घेतलं नाही. दिवा बंद केला आणि दुसरा कागद काढला. या वेळी डाग आला तेव्हा ती पदराने डोळे पुसत होती.

संध्याकाळी मी बाबांसमोर तो फोटो पाकिटात घातला. त्यांनी तो पुन्हा बाहेर काढून बराच वेळ पाहिला. "पाठवू?" त्यांनी विचारलं. "पाठवा," मी म्हटलं. त्यांनी पाठवला.

छिंदवाड्याहून उत्तर आलं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही, खरंच सांगते. पण आईने तो हात मागे घेतला, त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि आता आईला जाऊनही इतकी वर्षं झाली.