आत्या जाऊन यायची

आमच्या मोठ्या आत्याइतकं बोलण्याला पक्कं माणूस अख्ख्या मलकापुरात दुसरं झालं नसेल. एकदा सुरू केलेलं वाक्य तिनं कधी अर्धवट सोडलं नाही. मधे कधीकधी मिनिटभर ती फक्त जाऊन यायची.

'जाऊन येणं' हा तिचाच शब्द. लोक फीट म्हणायचे, आजी मिरगी म्हणायची. बोलता बोलता आत्याचे डोळे कुठंतरी लांब लागायचे, ओठ काही चाखल्यासारखे हलायचे, बोटं पदराचा काठ चाचपत राहायची. मग ती सावकाश परतायची, आमची तोंडं एकेक करून ओळखून घ्यायची आणि राहिलेला शब्द उच्चारायची. "कुठं गेली होतीस?" असं मी लहानपणी विचारायचो. ती म्हणायची, "पिवळं ऊन होतं, अन् सारं कसं पयले पाह्यल्यासारखं. गावाचं नाव नाई सांगता येत." एकदा नालीच्या सांडपाण्यावरून शेजारणीशी कडाक्याचं भांडण जुंपलं. "तुमच्या सात पिढ्यायले..." एवढं म्हणून आत्या गेली. शेजारीण घाबरली. तिनं आत्याला धरून ओट्यावर बसवलं, वारा घातला, पाणी आणलं. आत्या परत आली, "...पाणी कुठून वाहते हे समजलं नाई," असं म्हणाली आणि मगच तिच्या हातचं पाणी प्यायली.

या दुखण्यापायी तिचं लग्न झालं नाही. ती त्याचं दुःख करत बसल्याचं मला आठवत नाही. तिनं आमच्या घरावर राज्य केलं. तिचे एकमेव प्रजाजन म्हणजे माझे बाबा, तिचा धाकटा भाऊ. शाळेत क्लार्क असलेला हा माणूस हेडमास्तरांशी वाद घालायचा, पण आत्याला त्यांनी उभ्या आयुष्यात उलट उत्तर दिलं नाही. तिला गॅसजवळ, गच्चीवर एकटं सोडायचे नाहीत. बाजारात ती पुढे, बाबा अर्ध्या पावलावर मागे. गोळ्या ती मनाला येईल तशा घ्यायची, त्यावरही ते काही बोलायचे नाहीत.

मग गेल्या वर्षी ती अंगणात जोरात पडली, कपाळाला टाके पडले, आणि डॉक्टरांनी अकोल्याला जाऊन मेंदूचा एमआरआय काढायला सांगितलं. आत्या लगेच तयार झाली. अडून बसले ते बाबा. "कायले त्या मशीनीत घालता तिले? जे आहे ते आहे." इतके चिडलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते. शेवटी आत्याच म्हणाली, "मले पाहाचं आहे माह्या डोक्यात काय आहे ते. तू चाल गुपचूप."

तिथं अंगावरचं सगळं लोखंड काढायला सांगितलं, तर आत्याच्या पदरातून, पोलक्यातून, बांगड्यांतून सेफ्टी पिना निघतच राहिल्या. ट्रे घेऊन उभी असलेली मुलगी हसू दाबत होती. मशीनचा धडधडाट भिंतीपलीकडून आम्हालाही ऐकू येत होता. बाबा डोळे मिटून बसले होते. बऱ्याच वेळानं तो मशीनवाला बाहेर येऊन म्हणाला, "लोक आत घाबरून घंटी दाबतात. ह्या घोरत होत्या."

"आमच्या कापसाच्या जिनिंगच्या शेडवानी आवाज आहे," आत्या डोळे चोळत म्हणाली. "मस्त झोप लागली."

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. करड्या ढगांसारखा आत्याचा मेंदू, आणि त्यात एका बाजूला मुगाएवढा काळा ठिपका. लहानपणी न धुतलेल्या भाजीतून वगैरे जंताचं अंडं पोटात गेलं असेल, डॉक्टर सांगत होते, ते मेंदूत पोचलं, मेलं आणि त्याचा खडा राहिला. गोळ्या नेमानं घेतल्या तर बरंच थांबेल.

"मार लागल्याचं काही दिसते का?" बाबांनी मधेच विचारलं.

"मार? नाही."

"नीट पाहा ना, साहेब."

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. नव्हतं काही.

तेव्हा बाबा बोलले. ते सहा वर्षांचे, आत्या आठ वर्षांची. जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीवर खेळताना त्यांनी तिला ढकललं, तिचं डोकं लाकडी खांबावर आपटलं. महिन्याभरानं तिला पहिली फीट आली. घरात त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ती गेली. पण ती इथंच होती.

"पयले मीच तुले ढकललं होतं बे," ती म्हणाली. "तेवढं बरं आठवत नाई तुले!"

बाबा हसायला लागले आणि मग त्यांना हसू की रडू ते आवरेना. डॉक्टरांनी उगाच फाईल चाळली.

त्यानंतर आत्यानं एकही गोळी चुकवली नाही. तिचं जाणं कमी झालं, मग थांबलं. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटल्यावर एका सकाळी तिनं जाहीर केलं, "मी शेगावले जाऊन राह्यली. एकटी." बाबांनी तिच्या पिशवीत गोळ्या टाकल्या. आम्ही तिला स्टेशनवर पोचवलं. गाडी हलली, ती खिडकीतून पुढेच बघत होती, मागे वळली नाही.

"चला, बाबा," मी म्हटलं.

"बसू दे जरा," ते बाकावर टेकत म्हणाले. "आज मले काही कामच नाई."

रुळांवर कोवळं ऊन पडलं होतं. एक मालगाडी गेली, मग कुणीच नाही. तासाभरानं बाबांचा फोन वाजला. "पोचली मी. काही झालं नाई. तू जेवून घे," एवढं वाक्य आत्यानं एका दमात पूर्ण केलं आणि फोन ठेवला. बाबा मात्र तो तसाच कानाशी धरून बसून राहिले.