रणगाडे भरपूर, तेल नाय

मंडळी, आज दुपारी मोबाईलवरच्या युद्धाच्या गेममध्ये मी आमची सहा जणांची टीम बुडवली.

संशोधनाचं काम माझ्याकडं होतं. मी सगळे पॉइंट रणगाड्यांवर उधळले, इंधनाचं म्हटलं नंतर बघू. शत्रूची राजधानी समोर दिसत असताना सगळे रणगाडे जागेवर थांबले. हेडफोनमध्ये टीमवाले ओरडतायत!

शेजारी कन्नड तालुक्यातून आलेले मामा बसले होते. जन्मभर मेंढरं घेऊन फिरलेला माणूस. तेल संपलं म्हटल्यावर म्हणाले, "आरं भाच्या, पुढं पाणी हाय का बघितल्याबिगर कळप हलवत्यात व्हय?"

हरलो. वाळूज एमआयडीसीत सेकंड शिफ्टला जायचं म्हणून तोंड धुवायला नळ सोडला, तर नुसती हवा.

एवढ्या कंपन्या उभ्या करताना आपल्याकडं कुणी एखाद्या मामाला विचारलं होतं का?